आगरकर, प्रोलॉग आणि आजीचे बोंबील

हॉस्टेलवर आगरकर म्हटलं की पहिल्यांदा अजित आठवतो. दुसऱ्यांदाही अजितच! मला मात्र लिहायचंय गोपाळ गणेश आगरकरांबद्दल. शाळेच्या इतिहासात त्यांना चार ओळी मिळतात. 'केसरी'चे पहिले संपादक, समाजसुधारक, टिळकांचे मित्र आणि मग टिळकांशी मतभेद. दोन मार्कांचा प्रश्न, विषय संपला. त्या चार ओळींत त्यांचं एक पुस्तक कधीच नसतं, आणि आम्हा कॉम्प्युटर ब्रँचवाल्यांना खरं तर तेच सगळ्यात जवळचं वाटायला हवं. 'वाक्यमीमांसा आणि वाक्याचे पृथक्करण', साल १८८८. मराठी वाक्याचे भाग कसे सुटे करायचे, याचं पुस्तक. आपल्या भाषेत सांगायचं तर पार्सिंग!

मी कॉन्व्हेंटवाली. इंग्रजी ग्रामरच्या तासाला सब्जेक्ट, प्रेडिकेट, क्लॉज करत मोठी झाले. घर मांडव्याला, आणि घरात आजीची मराठी. मराठी वाक्यालाही असाच सांगाडा असतो, आणि तो कुणीतरी सव्वाशेहून जास्त वर्षांपूर्वी उलगडून ठेवलाय, हे कळलं ते तिसऱ्या वर्षाच्या मिनी प्रोजेक्टमुळे. विषय होता लॉजिकचे नियम वापरून मराठी वाक्य कॉम्प्युटरला समजावून देणे. त्यासाठी व्याकरणाची पुस्तकं शोधत गेले आणि आगरकर भेटले.

माणूस कसा होता ते आधी सांगते. जन्म १४ जुलै १८५६, कऱ्हाडजवळचं टेंभू गाव. गरिबी अशी की आपली मेसचं बिल थकल्याची गरिबी तिच्यापुढे काहीच नाही. शिक्षण मध्येच थांबलं, कचेरीत उमेदवारी केली, दवाखान्यात कंपाउंडरचं काम केलं. शिकायला मिळेल म्हणून रत्नागिरीपर्यंत पायी गेले, तिथे जमलं नाही म्हणून परत आले. शेवटी अकोल्याला नातेवाइकांकडे राहून मॅट्रिक झाले आणि पुण्याला डेक्कन कॉलेजात दाखल झाले. तिथे म्हणे एकच सदरा होता. रात्री धुवायचा, सकाळी घालायचा. (बॉईज हॉस्टेलमध्येही एक सदरावाले महाभाग आहेत, पण ते रात्री धूत नाहीत.)

एम.ए.च्या सुमारास त्यांनी आईला पत्र लिहून कळवलं, की आता मुलाला मोठ्या पगाराची नोकरी लागेल ही आशा सोड. पोटापुरतं मिळवून बाकीचा वेळ लोकांसाठी घालवायचं मी ठरवलंय. कॅम्पस प्लेसमेंटच्या सीझनमध्ये हे जरा सावकाश वाचा. ज्या आईने एवढे हाल सोसले तिला हे लिहायचं म्हणजे काय धाडस असेल! मला ते पत्र त्यांच्या सगळ्या लेखांपेक्षा कठीण वाटतं.

डेक्कन कॉलेजातच टिळकांची गाठ पडली. १८८० मध्ये न्यू इंग्लिश स्कूल निघालं, १८८१ मध्ये 'केसरी', आणि १८८७ पर्यंत संपादक आगरकर. मधे तुरुंग झाला. आमच्या मांडव्याच्या जेट्टीवर उभं राहिलं की पाण्यापलीकडे मुंबई दिसते. आता रो-रो बोट तिकडे भाऊच्या धक्क्याला लागते, आणि तिथून डोंगरी काही लांब नाही. कोल्हापूरच्या दिवाणांवर, म्हणजे बर्व्यांवर, लिहिलेल्या मजकुराबद्दल १८८२ मध्ये टिळक-आगरकरांना शिक्षा झाली आणि त्याच डोंगरीच्या तुरुंगात दोघांनी १०१ दिवस काढले. तिथे ते इतक्या जोरात वाद घालत की पहारेकऱ्यांना मध्ये पडावं लागे म्हणतात. परीक्षेच्या आदल्या रात्री आमच्या विंगमध्ये जे चालतं त्याचाच हा ओरिजिनल प्रकार. आगरकरांनी तुरुंगात शेक्सपिअरच्या 'हॅम्लेट'चं मराठीही केलं. ते 'विकारविलसित' नावाने १८८३ मध्ये आलं.

१८८४ मध्ये डेक्कन एज्युकेशन सोसायटी आणि १८८५ मध्ये फर्ग्युसन कॉलेज. फर्ग्युसनचे पहिले प्राचार्य वामन शिवराम आपटे, ज्यांचा १८९० चा संस्कृत-इंग्रजी कोश आजही लोक वापरतात. आपटे १८९२ मध्ये गेले आणि आगरकर प्राचार्य झाले. म्हणजे बघा, पहिल्या प्राचार्यांनी शब्दांचा कोश केला, दुसऱ्यांनी वाक्य सोडवलं. लेक्सिकन आणि पार्सर, लागोपाठ!

आता प्रोलॉगकडे येते, कारण माझा प्रोजेक्ट त्यातच आहे. एआयच्या प्रॅक्टिकलला आपण प्रोलॉगमध्ये फॅमिली ट्री लिहितो, आजोबा कोण नातू कोण ते विचारतो, जर्नलवर सही झाली की विसरतो. पण ही भाषा १९७२ च्या सुमारास फ्रान्समध्ये मार्सेला आलँ कोल्मेरोएर आणि त्यांचे सहकारी फिलिप रुसेल यांनी बनवली, ती मुळात फ्रेंच वाक्यं कॉम्प्युटरला समजावीत म्हणून! त्यामागच्या तर्कशास्त्राची बाजू एडिंबरोच्या रॉबर्ट कोवाल्स्कींची. कल्पना सोपी आहे. व्याकरणाचा प्रत्येक नियम म्हणजे एक तार्किक विधान. वाक्य बरोबर आहे का असं विचारायचं म्हणजे या विधानांवरून ते सिद्ध होतं का असं विचारायचं. सिद्ध झालं तर त्या सिद्धतेतच वाक्याचा सांगाडा हातात येतो.

मराठीच्या तासाला वाक्यपृथक्करण शिकवतात, त्यात ज्याच्याबद्दल बोलायचं ते उद्देश्य, त्याच्याबद्दल जे बोललं ते विधेय, आणि दोघांना चिकटलेले शब्द म्हणजे त्यांचा विस्तार. एवढं प्रोलॉगमध्ये लिहायला थोड्याच ओळी पुरतात. त्यात कर्त्याप्रमाणे क्रियापद बदलतं हा नियम घालायचा. दादा बोंबील खातो, ताई बोंबील खाते. झकास चालतं. मग भूतकाळ येतो. आजीने बोंबील तळले. आजीने सुरमई तळली. आजोबांनी तळली तरी सुरमई तळलीच! क्रियापदाला आजी-आजोबांचं काही पडलेलं नाही, ते माशाकडे बघतं. (आमच्या घरातही सगळे तसेच.) आणि आजीने मांजरीला हाकललं म्हटलं की ते मांजरीकडेही बघत नाही, सरळ नपुंसकलिंगी होऊन मोकळं होतं. कर्तरी, कर्मणी, भावे म्हणून आपण जे पाठ केलं ते हेच. मग कर्त्याला 'ने' लागलाय का, कर्माला 'ला' लागलाय का, हे तपासणारे वेगळे नियम लिहावे लागतात. इंग्रजीचे नियम उचलून मराठीला घातले असं इथे चालत नाही. या प्रयोगांवर आपल्या वैयाकरणांनी बराच वाद घातलाय. कवी केशवसुतांचे भाऊ मोरो केशव दामले यांच्या १९११ च्या 'शास्त्रीय मराठी व्याकरण' या जाडजूड ग्रंथात त्यावर पानंच्या पानं आहेत.

खरी मजा दोन अर्थांच्या वाक्यात. 'मी बाबांना लाँचमधून उतरताना पाहिलं.' उतरत कोण होतं? मी, की बाबा? वाचताना आपण एक अर्थ धरतो आणि पुढे जातो. प्रोलॉग पहिलं उत्तर देऊन थांबतं, सेमीकोलन दाबलं की दुसरं काढून दाखवतं. 'उतरताना' एकदा माझ्याशी जोडलेलं, एकदा बाबांशी. एकाच वाक्याची दोन पृथक्करणं, दोन्ही नियमाला धरून!

आता कुणी म्हणेल, चॅटबॉटच्या जमान्यात नियम कशाला लिहायचे? ते ढीगभर मजकूर वाचून शिकतात हे खरंय. पण इंग्रजीचा ढीग डोंगराएवढा, मराठीचा त्यामानाने टेकडी, आणि मांडव्याकडच्या आगरी-कोळी बोलीचा, जिथे पाण्याचं पानी होतं आणि डोळ्याचा डोला, तर टोपलीभरसुद्धा नाही. माझी आजी ज्या मराठीत बोलते ती कुणी लिहूनच ठेवलेली नाही. जिथे मजकूर नाही तिथे हाताने लिहिलेला नियमच कामाला येईल असं मला वाटतं. मित्रांना ते पटत नाही, वाद रोज रात्री चालू असतो.

असो. आगरकरांचं ते पुस्तक १८८८ चं, आणि त्याच वर्षी ऑक्टोबरात त्यांनी 'सुधारक' काढला. मराठी बाजू स्वतः सांभाळली, इंग्रजीची गोपाळ कृष्ण गोखल्यांनी. दोन्ही एकाच वर्षी आले हा मला योगायोग वाटत नाही. मिल आणि स्पेन्सर पचवलेला, वाक्य दिसलं की सोडवणारा माणूस रूढीचं वाक्य तसंच कसं सोडेल? विधवेचं केशवपन करायचं, हे कोण म्हणतं? कशावरून? आणि ज्या बाईबद्दल बोलणं चाललंय तिचं काय? लहान मुलींची लग्नं, विधवांचे हाल, मुलींचं शिक्षण, सगळ्यांवर त्यांनी याच पद्धतीने लिहिलं. १८९१ च्या संमतिवयाच्या कायद्याला पाठिंबा दिला. टिळक विरुद्ध बाजूला होते, परक्या सरकारने आपल्या घरात हात घालू नये हा त्यांचा मुद्दा. तोही मुळातून वाचावा, एकाच बाजूचं वाचून मत बनवू नये.

लोकांनी काय केलं? पुण्यात आगरकरांची जिवंतपणी प्रेतयात्रा काढली. घरी मात्र यशोदाबाईंच्या देवधर्माला त्यांनी कधी अडवलं नाही. स्वतःचं मत बायकोवर लादायचं नाही, हाही त्यांच्या तर्कातलाच भाग असावा.

दमा जुनाच होता. आजारपणातच प्राचार्यपद सांभाळलं, 'सुधारक'ही चालवला. १७ जून १८९५ रोजी ते गेले तेव्हा वय ३८, एकोणचाळिसावा वाढदिवस महिन्याभरावर. स्वतःच्या अंत्यविधीचा खर्च कुणावर पडू नये म्हणून त्यांनी थोडे पैसे पुडीत बांधून आधीच वेगळे ठेवले होते असं सांगतात.