टपालवाला पोलीसप्रमुख होतो तेव्हा...

गाव लहान असलं की पोलीस खात्याची तिजोरीही लहान असते. गुन्हेगाराला मात्र गावाच्या अंदाजपत्रकाचं बंधन नसतं. तो वेगवान मोटारीतून येतो, चांगलं हत्यार घेऊन येतो आणि शीव ओलांडून पसार होतो. अशा वेळी गावानं आपल्या पोलिसाच्या हाती नेमकं काय द्यावं? अमेरिकेतल्या लहान लहान गावांना हा प्रश्न आजही छळतो. तिथं हल्ली त्याचं उत्तर बहुधा ‘गस्तीच्या गाडीत एक रायफल’ असं दिलं जातं. पण प्रश्न जुना आहे. शंभर वर्षांपूर्वी कॅलिफोर्नियातल्या बर्कले गावात एका माणसानं तो मोठ्या चिकाटीनं सोडवायला घेतला होता. त्याचं नाव ऑगस्ट व्होल्मर. अमेरिकेतल्या आधुनिक पोलीस व्यवस्थेचा जनक म्हणून तो ओळखला जातो.

व्होल्मरचा जन्म १८७६ सालचा, न्यू ऑर्लिन्स शहरातला. आईबाप जर्मनीहून आलेले. वडील लहानपणीच गेले आणि शाळा प्राथमिक इयत्तांपलीकडे फारशी झाली नाही. पुढं कुटुंब बर्कलेला आलं. तरुणपणी त्यानं भागीदारीत कोळसा आणि जनावरांच्या खाद्याचं दुकान चालवलं. १८९८ साली स्पेनशी युद्ध जुंपलं, तेव्हा तो सैन्यात भरती होऊन फिलिपीन्सला गेला. परतल्यावर टपाल खात्यात पत्रं वाटण्याची नोकरी धरली.

टपालवाल्याला गाव जसं कळतं तसं फारच थोड्यांना कळतं. कुठल्या गल्लीत कोण राहतं, कुठलं दार रात्री उघडं असतं, हे त्याला पायाखालच्या वाटेसारखं ठाऊक असतं. १९०४ साली सामानानं लादलेली रेल्वेची एक उघडी वाघीण सुटून उतारावरून धावत निघाली. समोर प्रवासी गाडी होती. व्होल्मरनं धावत्या वाघिणीवर उडी घेतली आणि ब्रेक आवळून ती थांबवली. गावभर नाव झालं. तिथल्या वर्तमानपत्राच्या संपादकानं आग्रह धरला आणि १९०५ साली, वयाच्या २९ व्या वर्षी, हा टपालवाला निवडणूक जिंकून गावाचा मार्शल, म्हणजे पोलिसांचा मुख्य झाला.

हाताशी आलं ते खातं कसलं, नावापुरतीच चौकी! माणसं मोजकी, आणि तीही पायी हिंडणारी. जुगाराचे अड्डे राजरोस चालत. व्होल्मरनं पहिल्यांदा शिपायांना सायकली दिल्या. सायकल स्वस्त, तिला दाणावैरण लागत नाही, ती आवाज करत नाही आणि एकच माणूस तिच्यावरून तिघांचा पल्ला गाठू शकतो. नंतर चौकाचौकांत तांबडे दिवे आणि दूरध्वनीच्या पेट्या आल्या. चौकीत तक्रार आली की दिवा लागे. गस्तीवरचा शिपाई तो पाहून दूरध्वनी करी आणि थेट घटनास्थळी निघे.

१९०६ च्या एप्रिलमध्ये सॅन फ्रान्सिस्कोला भूकंपाचा तडाखा बसला आणि निर्वासितांचे लोंढे खाडीपलीकडच्या बर्कलेत आले. त्या दिवसांत व्होल्मरनं गावातल्या नागरिकांनाच बंदोबस्ताला जोडून घेतलं.

१९१४ च्या सुमारास मोटारी आल्या. गावाच्या तिजोरीला मोटारींचा ताफा परवडणारा नव्हता. मग अशी तोड निघाली की शिपायानं स्वतःची मोटार वापरावी आणि गावानं त्याला दरमहा भत्ता द्यावा. मी आयुष्यभर बँकेत कर्जाची प्रकरणं तपासली, त्यामुळे या युक्तीला मनापासून दाद द्यावीशी वाटते. भांडवली खर्च टळला, गाडीची निगा मालकाच्या जिव्हाळ्यानं राखली गेली आणि काम मात्र खात्याचं झालं.

पण व्होल्मरची खरी गुंतवणूक माणसांत होती. १९०८ साली त्यानं शिपायांसाठी शाळा काढली. कायदा, पुरावा कसा जपावा, प्रथमोपचार, असे विषय शिकवायला विद्यापीठाचे प्राध्यापक येत. विद्यापीठ गावातच होतं. पुढं विद्यापीठातले विद्यार्थीच त्यानं पोलिसात ओढले. लोक त्यांना ‘कॉलेजवाले पोलीस’ म्हणून हसले. १९१९ साली वॉल्टर गॉर्डन या कृष्णवर्णीय तरुणाला त्यानं शिपाई म्हणून घेतलं. त्या काळात हे धाडसच होतं. संशयिताला मारहाण करून कबुली घ्यायची त्याच्या खात्यात बंदी होती. १९२१ साली त्याच्याच खात्यातल्या जॉन लार्सन या डॉक्टरेट मिळवलेल्या शिपायानं खोटं पकडणारं यंत्र तयार केलं. लाठीला पर्याय म्हणून आलेलं हे यंत्र पुढं अमेरिकेतल्या बहुतेक न्यायालयांनी भरवशाचं मानलं नाही, हा भाग वेगळा.

व्होल्मरला देवत्व देण्याचं कारण नाही. फिलिपीन्समध्ये शिकलेले लष्करी डावपेच त्यानं गुन्हेगारांविरुद्ध वापरले. पोलिसांनी सैनिकासारखं वागावं की नागरिकासारखं, या आजच्या वादाचं एक मूळ त्याच्याही दाराशी जातं, असं अलीकडचे अभ्यासक दाखवून देतात. १९२३ साली लॉस एंजेलिसनं त्याला बोलावलं. तिथल्या बरबटलेल्या खात्यापुढं त्याचं फारसं काही चाललं नाही. वर्षभरातच तो बर्कलेला परतला. १९३२ साली तो निवृत्त झाला. पोलीस प्रशासन हा विषयही त्यानं शिकवला. अखेरच्या वर्षांत कंपवात आणि कर्करोगानं त्याला घेरलं. नोव्हेंबर १९५५ मध्ये, एकोणऐंशीव्या वर्षी, त्यानं स्वतःच आपलं जीवन संपवलं. बर्कलेच्या टेकड्यांमधलं एक शिखर आज त्याच्या नावानं ओळखलं जातं.

ज्या लॉस एंजेलिसनं त्याला वर्षभरात परत पाठवलं, तिथंच २८ फेब्रुवारी १९९७ रोजी दोन दरोडेखोरांनी एक बँक लुटली. त्यांच्या अंगावर चिलखत आणि हाती स्वयंचलित रायफली होत्या. पोलिसांच्या पिस्तुलांच्या गोळ्या त्या चिलखतापुढं निष्प्रभ ठरल्या. पोलिसांना जवळच्या दुकानातून रायफली आणाव्या लागल्या. दोन्ही दरोडेखोर मारले गेले, पण अनेक पोलीस आणि नागरिक जखमी झाले. त्यानंतर गस्तीच्या रायफलीची मागणी देशभर वाढली. केंद्र सरकारच्या योजनेतून सैन्याच्या जुन्या रायफलीही लहान गावांना मिळू लागल्या. पुढं २०१४ साली फर्ग्युसन गावात निदर्शकांसमोर लष्करी थाटाचे पोलीस उभे ठाकले, तेव्हा हेच सगळं फार झालं असं कित्येकांना वाटलं.

दोन्ही बाजूंत तथ्य आहे. चिलखतधारी दरोडेखोरासमोर पोलिसाला पिस्तूल घेऊन उभं करणं हा अन्यायच. पण फुकट मिळालेली रायफल फुकट पडत नाही. ती आणायची, कुलपात ठेवायची, दुरुस्त करायची, आणि मुख्य म्हणजे वर्षानुवर्षं सरावासाठी गोळ्या पुरवायच्या, हा खर्च गावाचाच. किंमत एकदाच मोजावी लागते, सराव मात्र दरवर्षी. पैसे कमी पडले की पहिली कात्री लागते ती सरावालाच. मग हाती उरतं एक जबर हत्यार आणि एक अननुभवी बोट.

व्होल्मरचे शिपाई काही निःशस्त्र नव्हते. पण त्याच्या खर्चाची यादी वाचली तर गस्त, निरोप, शिक्षण आणि माणसाची निवड यांवर त्याची नजर सतत खिळलेली दिसते. रायफल घ्यायचीच असेल तर गावानं जरूर घ्यावी. मात्र विकत घेण्याचा ठराव मांडताना पुढच्या दहा वर्षांच्या सरावाची रक्कमही त्याच कागदावर लिहावी. ती रक्कम पेलत नसेल, तर तेवढ्याच पैशात एखादा चांगला शिपाई नीट शिकवून तयार करता येईल का, हे आधी पाहावं. बर्कलेच्या टपालवाल्यानं सत्तावीस वर्षं तेच केलं.