पृथ्वीचा मोजणीदार

बीड जिल्ह्यातील धारूर हे गाव बालाघाटाच्या डोंगररांगेवर वसलेले आहे. गावाजवळच जुना किल्ला असून त्याच्या कडेला खोल दरी उतरत गेली आहे. अशा डोंगराळ मुलखात शेते रेखीव चौकोनी क्वचितच सापडतात. ओढा वळला की बांध वळतो. उतार आला की शेताची एक बाजू आखूड होते. अशा शेताची मोजणी चालते, तेव्हा बांधाच्या दोन्ही अंगांचे शेतकरी फितीकडे डोळे लावून उभे असतात. कारण हातभर जमीन इकडची तिकडे झाली, तर दोन घरांत पिढ्यान्‌पिढ्यांचे वैर जडते.

समजा, एका शेताच्या चारही बाजू फितीने मोजल्या आणि प्रत्येक बाजू २० मीटर भरली. मग शेताचे क्षेत्रफळ ४०० चौरस मीटर असे म्हणता येईल काय? शेत चौरस असेल, तर येईल. पण त्याच चार बाजू तिरक्या कलल्या आणि एक कोपरा ३० अंशांचा झाला, तर क्षेत्रफळ निम्मे, म्हणजे केवळ २०० चौरस मीटर उरते! चार बाजूंची लांबी तीच, परंतु शेत अर्धे. म्हणून जाणता मोजणीदार एका कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंत आणखी एकदा फीत धरतो. त्या कर्णामुळे चौकोनाचे दोन त्रिकोण होतात. त्रिकोणाच्या तीन बाजू ठरल्या की त्याला कलायला वाव उरत नाही. त्याचा आकार आणि क्षेत्रफळ दोन्ही निश्चित होतात.

परंतु जेथे फीत पोचू शकत नाही, तेथे काय करावे? किल्ल्याच्या तटावरून दरीपलीकडची टेकडी दिसते. पण दरीवरून फीत ताणता येत नाही. अशा वेळी सपाट जागी दोन खुणा करून त्यांमधील अंतर काटेकोरपणे मोजावे. मग प्रत्येक खुणेपाशी उभे राहून टेकडीवरील झाडाकडे पाहावे आणि तेथे होणारा कोन मोजावा. एक बाजू आणि तिच्या टोकांचे दोन कोन कळले, की उरलेल्या दोन बाजू गणिताने काढता येतात. दरी न ओलांडता दरीपलीकडचे अंतर हाती येते.

एवढ्याशा तत्त्वाच्या बळावर एका मनुष्याने भारताचा फार मोठा भाग मोजला. त्याचे नाव विल्यम लॅम्बटन. धारूर ज्या निजामाच्या राज्यात होते, त्याच राज्याच्या राजधानीतून, हैदराबादेतून, त्याने आपल्या आयुष्यातील अखेरची काही वर्षे काम चालविले आणि महाराष्ट्राच्याच भूमीत देह ठेवला.

लॅम्बटनचा जन्म १७५३ च्या सुमारास इंग्लंडमधील यॉर्कशायर परगण्यात एका गरीब कुटुंबात झाला. घरची स्थिती बेताची होती. पण मुलाची गणितातील गती पाहून त्याला शाळेत पाठविण्यात आले. पुढे तो सैन्यात शिरला व अमेरिकेतील युद्धावर गेला. १७८१ मध्ये यॉर्कटाउन येथे इंग्रजी फौजेने शस्त्रे खाली ठेवली, तेव्हा तोही कैद झाला. सुटकेनंतर त्याने कॅनडाच्या बाजूला सैनिकी कोठाराच्या देखरेखीची नोकरी पतकरली. तेथे तो तब्बल तेरा वर्षे राहिला. त्या एकांतात त्याने गणित, खगोलशास्त्र आणि भूमापन यांचे ग्रंथ मन लावून अभ्यासले. बढती नाही, कीर्ती नाही, कोणी विचारणारा नाही. तरी अभ्यासात खंड पडला नाही. चाळिशी उलटल्यावर, १७९६ च्या सुमारास, तो आपल्या पलटणीबरोबर भारतात आला.

१७९९ मध्ये श्रीरंगपट्टणच्या लढाईत त्याच्या विद्येचा प्रत्यय आला, अशी आठवण सांगितली जाते. एका काळोख्या रात्री इंग्रजांची एक तुकडी कूच करीत होती. लॅम्बटनने आकाशातील ताऱ्यांकडे पाहिले आणि तुकडी सरळ टिपू सुलतानाच्या तळाकडे चालली आहे, हे ओळखले. त्याने ही गोष्ट सेनापतीच्या कानावर घातली. सेनापतीला प्रथम ती पटली नाही. पण होकायंत्र पाहताच ताऱ्यांची साक्ष खरी ठरली.

युद्ध संपताच लॅम्बटनने सरकारपुढे एक योजना मांडली. समुद्रकिनाऱ्यापासून समुद्रकिनाऱ्यापर्यंत सारे द्वीपकल्प त्रिकोणांच्या जाळ्याने मोजावे, अशी ती योजना होती. कंपनी सरकारला नकाशे हवे होते ते राज्य चालविण्यासाठी, सारा वसूल करण्यासाठी आणि फौजा हलविण्यासाठी. लॅम्बटनला मात्र आणखी एका प्रश्नाचे उत्तर हवे होते. पृथ्वी पूर्ण गोल नसून ध्रुवांपाशी किंचित चपटी आहे, असे शास्त्रज्ञ मानीत होते. ती नेमकी किती चपटी आहे, हे उत्तर-दक्षिण अंतर अचूक मोजल्याने कळणार होते. सरकारातील काहींना हा खर्च निरर्थक वाटला. प्रवासाला निघायचे तर पालखीच्या भोयांना गावाचे नाव सांगितले की पुरे, मग एवढे गणित कशाला, असा त्यांचा आक्षेप होता. अखेर १८०० मध्ये योजनेला मान्यता मिळाली.

कोन मोजण्यासाठी लंडनहून थिओडोलाइट नावाचे मोठे यंत्र मागविण्यात आले. त्याचे वजन सुमारे अर्धा टन होते आणि त्यातील अंशांच्या खुणा असलेल्या धातूच्या वर्तुळाचा व्यास तीन फूट होता. हे यंत्र आणणारे जहाज वाटेत फ्रेंचांनी पकडले आणि मॉरिशसला नेले. इंग्लंड आणि फ्रान्स यांचे तेव्हा युद्ध चालू होते. तरीही हे शास्त्राचे साधन आहे असे कळताच फ्रेंचांनी ते सन्मानपूर्वक पुढे पाठवून दिले.

१८०२ च्या एप्रिल महिन्यात मद्रासजवळ सेंट थॉमस माउंट येथे पहिल्या पायारेषेची मोजणी सुरू झाली. पायारेषा म्हणजे जिच्यावर पुढचे सारे त्रिकोण उभे राहावयाचे, ती पहिली बाजू. ती शंभर फुटांच्या पोलादी साखळीने मोजावयाची होती. साखळी नुसती जमिनीवर टाकून भागणारे नव्हते. ऊन वाढले की पोलाद प्रसरण पावते; तापमान दहा अंश सेल्सिअसने चढले, तर एवढी साखळी सुमारे साडेतीन मिलिमीटर लांब होते. हा फरक शेकडो वेळा साठत गेला, तर पहिली बाजूच खोटी ठरेल आणि तिच्यावरचा प्रत्येक त्रिकोण खोटा निघेल. म्हणून साखळी लाकडी पेट्यांतून समपातळीत ताणली जाई. तिच्यावर तंबूची सावली धरली जाई आणि जवळ तापमापक ठेवले जात. साडेसात मैलांची ती रेषा साखळी चारशे वेळा मांडून मोजली गेली. एवढ्याशा अंतरासाठी कित्येक आठवडे लागले!

तेथून त्रिकोणामागून त्रिकोण उभे राहू लागले. एका त्रिकोणाची काढलेली बाजू ही पुढच्या त्रिकोणाची पायारेषा होई. तिन्ही कोनांची बेरीज जुळली नाही, तर मोजणी पुन्हा केली जाई. दोन वर्षांनी, १८०४ मध्ये, हे जाळे बंगळूरपर्यंत पोचले. तेव्हा लॅम्बटनने स्वतःचीच परीक्षा घेतली. त्याने तेथे दुसरी पायारेषा जमिनीवर साखळीने मोजली आणि ती गणिताने काढलेल्या लांबीशी ताडून पाहिली. सात मैलांहून अधिक लांबीच्या त्या रेषेत फरक निघाला तो चार इंचांहूनही कमी! हे काम पश्चिम किनाऱ्यापर्यंत गेले, तेव्हा मद्रास ते मंगळूर हे अंतर जुन्या नकाशांतल्यापेक्षा सुमारे चाळीस मैलांनी कमी असल्याचे आढळून आले.

१८०८ मध्ये तंजावर येथे मोठे संकट ओढवले. त्या सपाट, झाडीने भरलेल्या प्रदेशात उंच टेकडी नव्हती. म्हणून थिओडोलाइट बृहदीश्वराच्या देवळाच्या शिखरावर दोरांनी चढविण्यात येत होते. अकस्मात दोर निसटला आणि ते अवजड यंत्र भिंतीवर आदळले. ज्या वर्तुळावरील खुणांवर सारे कोन अवलंबून, ते वर्तुळच वाकडे झाले. दुसरे यंत्र विलायतेहून यावयास वर्षे लागली असती. तोपर्यंत खर्चाला कंटाळलेल्या सरकारने सारे काम बंद केले असते, तर नवल नव्हते. लॅम्बटनने कोणालाही दोष देत वेळ दवडला नाही. त्याने यंत्राचा भाग न्‌ भाग सुटा केला, स्वतःला तंबूत कोंडून घेतले आणि पाचरी व स्क्रू यांच्या साहाय्याने ते वर्तुळ केसाकेसाने ओढून पूर्ववत आकारावर आणले. सहा आठवड्यांनी यंत्र पुन्हा कामास लागले. त्या वेळी लॅम्बटनचे वय पंचावन्नच्या आसपास होते.

या कार्याचे श्रेय एकट्या लॅम्बटनचे नाही. अर्ध्या टनाचे यंत्र डोंगरमाथ्यावर नेणारे हमाल, रानावनांत खुणेचे निशाण धरून दिवसच्या दिवस उभे राहणारे सेवक, साखळी ताणणारे खलाशी हे सारे येथलेच लोक होते. हिवतापाने आणि वन्य पशूंनी त्यांच्यापैकी कित्येकांचे बळी घेतले. नकाशावर रेषा उमटल्या, पण त्यांची नावे उमटली नाहीत. तरीही त्यांच्या हातांत साखळी सरळ राहिली, म्हणूनच गणित खरे ठरले.

१८१५ मध्ये हे काम बीदरच्या परिसरात येऊन पोचले. द्वीपकल्पाच्या दक्षिण टोकाजवळून येथपर्यंत जवळजवळ दहा अंशांचे अंतर मोजून झाले होते. १८१८ मध्ये या कार्याला ‘भारताची महान त्रिकोणमितीय पाहणी’ असे नाव मिळाले. त्याच वर्षी जॉर्ज एव्हरेस्ट हा तरुण अधिकारी लॅम्बटनच्या मदतीस आला. लॅम्बटन आता वृद्ध झाला होता, खोकल्याने जर्जर झाला होता; तरी मोजणीचा तळ उत्तरेकडे हलवावा, याच ध्यासाने तो हैदराबादेहून नागपूरकडे निघाला. वाटेत वर्धा जिल्ह्यातील हिंगणघाट येथे २० जानेवारी १८२३ रोजी त्याचा मृत्यू झाला. तेथेच त्याची कबर आहे.

त्याने आरंभिलेली ती उत्तर-दक्षिण मोजणी पुढे एव्हरेस्टने हिमालयाच्या पायथ्यापर्यंत नेली. तिची लांबी सुमारे २,४०० किलोमीटर झाली. तिच्याच आधारे हिमालयाच्या शिखरांची उंची काढता आली. १८५२ मध्ये राधानाथ सिकदार या बंगाली गणितज्ञाने आकडेमोड करून जगातील सर्वांत उंच शिखर कोणते, हे सिद्ध केले. त्या शिखराला नाव मिळाले ते एव्हरेस्टचे. लॅम्बटनच्या नावाचे शिखर नाही. त्याची स्मृती हिंगणघाटच्या मातीत शांतपणे विसावली आहे.

परंतु त्याने घालून दिलेला धडा प्रत्येक मोजणीत जिवंत आहे. धारूरच्या शिवारात एखादा मोजणीदार कर्णावर फीत धरतो, ती ढिली पडू देत नाही आणि मोजलेले अंतर दुसऱ्या बाजूने पुन्हा पडताळून पाहतो, तेव्हा तो लॅम्बटनचाच मार्ग अनुसरत असतो. बांध हातभराचा असो वा देश हजारो मैलांचा असो, पहिली रेषा खरी असली, तरच पुढचे सारे खरे ठरते.