रोमचा शिक्षक क्विंटिलियन

इ. स. 70 सालीं टायटसानें यरुशलेम उद्ध्वस्त केलें, हें आमच्या वाचकांस ठाऊक आहेच. त्याच टायटसाचा बाप बादशहा व्हेस्पेशियन ह्यानें रोम शहरांत एक निराळें काम केलें. वक्तृत्व शिकविणाऱ्या गुरूंस त्यानें सरकारी खजिन्यांतून पगार चालू केला. तो पगार ज्यांना प्रथम मिळाला त्यांपैकीं क्विंटिलियन हा एक होय.

त्याचा जन्म इ. स. 35 च्या सुमारास स्पेन देशांतील कालागुरिस गांवीं झाला. शिक्षणासाठीं तो रोमला गेला, मायदेशीं परतला, आणि 68 सालीं गाल्बाबरोबर पुन्हां रोमला येऊन तेथेंच राहिला. वीस वर्षें शिकविल्यावर निवृत्त होऊन त्यानें बारा भागांचा ग्रंथ लिहिला. ग्रंथ वक्त्यांसाठीं खरा. पण त्याचा आरंभ तो दाईच्या मांडीवरील बाळापासून करितो, आणि आम्हांला त्याचें थोरपण येथेंच दिसतें.

मुलाच्या हातीं हस्तिदंती अक्षरें खेळावयास द्यावीं, असें तो सांगतो. पुढें फळीवर अक्षरें कोरून द्यावीं, म्हणजे लेखणी खाचेंतून चालेल व हाताला वळण लागेल. ज्यांनीं धूळपाटीवर बोटानें अक्षर गिरविलें आहे, त्यांना हें परकें वाटणार नाहीं.

त्यानंतर इसापाच्या गोष्टी. मुलानें गोष्ट प्रथम तोंडानें सांगावी, ती शुद्ध व साध्या भाषेंत. मग तितक्याच साधेपणानें लिहावी. पुढें कवितेंतील कथा घ्यावी. तिच्या ओळी सोडवून गद्य करावें, मग तीच कथा निराळ्या शब्दांत मांडावी, आणि शेवटीं अर्थ न बिघडवितां कोठें आटोपती घ्यावी, कोठें फुलवावी. इसापाच्या ह्याच गोष्टी मराठींत छापल्या जाऊं लागल्यास सुमारें दोनशें वर्षें झालीं. तेव्हां साहित्य आपल्या घरींच आहे. मूल प्रथम शब्दांची उधळपट्टी करूं लागलें तर गुरूनें रागावूं नये. जास्त झालेलें छाटतां येतें, परंतु कोरडेपणाला औषध नाहीं, असें त्याचें मत होतें.

मुलें मोठीं झालीं कीं जुन्या कथांवरच त्यांचा वाद लावावा. रोमन लोकांत अशी कथा होती कीं, व्हालेरियस नांवाचा वीर एका गॉल योद्ध्याशीं लढत असतां एक कावळा त्याच्या डोक्यावर बसला आणि चोंचीनें व पंखांनीं शत्रूच्या तोंडावर मारूं लागला. हें संभवतें काय? रोम्युलसाला लांडगिणीनें दूध पाजलें, हें खरें मानावें काय? एकदां कथेच्या बाजूनें बोलावें, एकदां विरुद्ध बोलावें, आणि दोन्ही वेळां कारणें द्यावीं. रोम शहराच्या जन्मकथेलाच मुलांकडून प्रश्न विचारविणारा हा मनुष्य बादशहाचा पगार खात होता, हें लक्षांत घेण्याजोगें आहे. दुसरा एक विषय असे: खेड्यांत राहणें बरें कीं शहरांत? आमच्या कोणत्याही गांवच्या शाळेंत हा विषय घालून पाहावा. पोरें हटावयाचीं नाहींत.

छडीचा तो कट्टर विरोधी होता. त्या काळीं रोममधील शाळांत मार नित्याचाच असे. जें मूल शब्दानें सुधारत नाहीं तें मारानें निर्ढावतें, आणि तें मोठें झाल्यावर, जेव्हां मारतां येणार नाहीं, तेव्हां काय कराल, असा त्याचा सवाल होता. आपल्या देशांत शाळेंतील मार बंद करणारा शिक्षणहक्काचा कायदा 2009 सालीं झाला!

त्याचा एक दोष आम्ही झांकीत नाहीं. क्रूर डोमिशियन बादशहानें आपल्या बहिणीचे नातू त्याच्याकडे शिकावयास दिले, आणि त्यानें ग्रंथांत त्या बादशहाची अतोनात स्तुति केली. त्याच मुलांचा बाप क्लेमेन्स ह्यास डोमिशियनानें 95 सालीं ठार करविलें.

घरीं मात्र दुःखच दुःख आलें. बायको एकोणीस वर्षांचीही न होतां वारली. मग पांच वर्षांचा धाकटा मुलगा गेला. थोरल्यासाठींच तो ग्रंथ लिहीत होता. हाच त्याचा वारसा व्हावा अशी त्याची इच्छा होती. परंतु तोही मुलगा आठ महिने आजारी राहून गेला. अखेरच्या वातांत तो शाळेविषयीं व धड्यांविषयींच बोलत होता, असें बापानें लिहून ठेविलें आहे. त्यानंतरही बापानें ग्रंथ पुरा केला.

पुढें कित्येक शतकें त्याच्या तुटक प्रतीच विद्वानांच्या हातीं होत्या. 1416 सालीं पोज्जो नांवाच्या इटालियन विद्वानाला स्वित्झर्लंडांतील सेंट गॉल मठांत धुळीनें माखलेली पूर्ण प्रत सांपडली, ती त्यानें स्वतःच्या हातानें उतरून काढली. शंभर वर्षांनंतर मार्टिन लूथर बहुतेक सर्व ग्रंथकारांहून क्विंटिलियनाला अधिक मानीत असे.