संस्कृतच्या पंडिता, टेनिसच्या विजेत्या

पंडिता क्षमाबाई राव यांचे नाव निघाले की संस्कृतचे अभ्यासक 'सत्याग्रहगीते'चा उल्लेख करतात. टेनिसच्या इतिहासात त्यांची नोंद झालीच, तर ती लीला राव यांच्या मातोश्री एवढीच होते. वास्तविक १९२७ साली मुंबई इलाख्याच्या हार्ड कोर्ट अजिंक्यपद स्पर्धेत महिला एकेरीचे विजेतेपद याच क्षमाबाईंनी पटकावले होते. त्या वेळी त्यांनी छत्तिशी गाठली होती आणि त्यांची कन्या पंधरा वर्षांची होती.

कोकणाने देशाला संस्कृत पंडितांची मोठी परंपरा दिली. खेडच्या शेजारी दापोलीत शिकलेले भारतरत्न पां. वा. काणे हे तिचे ठळक उदाहरण. दक्षिणेकडे सावंतवाडी परिसरातून आलेले शंकर पांडुरंग पंडित हे त्याआधीच्या पिढीतले. सायणभाष्यासह अथर्ववेद, कालिदासाची नाटके आणि तुकारामांची गाथा यांच्या संपादनामुळे त्यांचे नाव युरोपातील विद्वानांपर्यंत पोहोचले होते. पोरबंदर संस्थानचे प्रशासक असताना स्वामी विवेकानंद त्यांच्याकडे पाहुणे म्हणून राहिले होते आणि वेदांच्या कामात त्यांनी हातभारही लावला होता.

या शंकर पंडितांची कन्या क्षमा हिचा जन्म ४ जुलै १८९० रोजी पुण्यात झाला. १८९४ मध्ये पंडितांचे निधन झाले तेव्हा ती जेमतेम तीन-चार वर्षांची होती. वडिलांची विद्या तिला त्यांच्या तोंडून कधी मिळाली नाही. घरात उरले ते त्यांचे नाव आणि त्यांचे ग्रंथ. मुलींचे शिक्षण हीच अपूर्वाई असलेल्या त्या काळात क्षमाबाईंनी शालेय शिक्षण पूर्ण केले. पुढे मुंबईचे नामवंत डॉक्टर राघवेंद्र राव यांच्याशी त्यांचा विवाह झाला. १९११ च्या डिसेंबरात लीलाचा जन्म झाला. पतीसमवेत युरोपचा प्रवास घडला, इंग्रजीत लेखन सुरू झाले आणि हाती रॅकेटही आली.

त्या काळी टेनिस हा साहेबांचा आणि जिमखान्यांचा खेळ होता. भारतीय स्त्रीने त्यात उतरणे ही अपवादात्मक गोष्ट होती आणि संसारी स्त्रीने स्पर्धा जिंकणे त्याहून अधिक. खेळ हौशी होता. मोठ्या स्पर्धांची दारे व्यावसायिक खेळाडूंना १९६८ मध्ये उघडली. त्यामुळे चषक आणि वर्तमानपत्रातील चार ओळी एवढेच विजेत्याच्या पदरी पडे. 'हार्ड कोर्ट' या शब्दाचा अर्थही वेगळा होता. आज या शब्दाने, पुण्यात बालेवाडीला २०१८ ते २०२३ या काळात झालेल्या पुरुषांच्या व्यावसायिक महाराष्ट्र खुल्या स्पर्धेसारखे रंगवलेले मैदान डोळ्यांसमोर येते. त्या वेळी हिरवळीचे नसलेले मैदान म्हणजे हार्ड कोर्ट, असा ढोबळ अर्थ होता. क्षमाबाईंच्या जन्मगावी टेनिसपटूंनी बक्षिसाच्या मोठ्या रकमांसाठी झुंजावे, ही कल्पना १९२७ मध्ये कोणी केली नसती.

विजेतेपदानंतर चार-पाच वर्षांतच क्षमाबाईंच्या आयुष्याने निराळे वळण घेतले. मिठाच्या सत्याग्रहाने देश ढवळून निघाला होता. त्या चळवळीचा वृत्तांत त्यांनी संस्कृतात, गीतेप्रमाणे अठरा अध्यायांत आणि अनुष्टुभ छंदात लिहिला. ब्रिटिश राजवटीत असा ग्रंथ येथे छापणे धोक्याचे होते. 'सत्याग्रहगीता' १९३२ मध्ये पॅरिस येथे प्रसिद्ध झाली. चालू राजकारणासाठी संस्कृत कशाला, असा प्रश्न कोणालाही पडावा. क्षमाबाईंनी मात्र बालविधवा, खेड्यातील शेतकरी, उपेक्षित स्त्रिया यांच्या कथाही याच भाषेत लिहिल्या. देवभाषेला त्यांनी चालत्या काळाच्या कामाला लावले, आणि त्यांचे खरे कर्तृत्व यातच मानावे लागेल.

दरम्यान मैदानावरचा वारसा लीलाने उचलला. १९३४ च्या विम्बल्डन स्पर्धेत तिने पहिल्या फेरीत ब्रिटनच्या ग्लॅडिस साउथवेलचा पराभव केला. पहिला सेट गमावल्यानंतर दुसरा तिने १०-८ असा खेचून आणला आणि तिसरा ६-२ असा जिंकला. विम्बल्डनमध्ये सामना जिंकणारी ती पहिली भारतीय महिला ठरली. पुढच्या फेरीत फ्रान्सच्या इडा अदामोफने तिला रोखले. सानिया मिर्झाने २००५ मध्ये विम्बल्डनची पहिली फेरी पार केली तेव्हा या विजयाला ७१ वर्षे झाली होती.

क्षमाबाईंचे लेखन थांबले नाही. 'पंडिता' ही पदवी त्यांच्या नावाला जोडली गेली. मीराबाई, तुकाराम, रामदास यांची चरित्रे त्यांनी संस्कृत पद्यात रचली. या सर्वांत वेगळे उठून दिसते ते १९३९ चे 'शंकरजीवनाख्यान'. ज्यांचा सहवास वाट्याला जवळजवळ आलाच नाही, त्या पित्याचे हे चरित्र. आठवणींचा आधार नसताना, पित्याच्याच भाषेत ते लिहिण्यासाठी पन्नाशीच्या उंबरठ्यावर बसलेल्या मुलीची धडपड त्यामागे आहे.

२२ एप्रिल १९५४ रोजी त्यांचे निधन झाले. लीला राव-दयाळ यांनी रॅकेट खाली ठेवल्यावर नृत्यशास्त्रावर ग्रंथ लिहिले आणि आईच्या कथांवरून संस्कृत नाट्यरूपांतरे केली. गांधीचरित्राचा उत्तरभाग सांगणारा क्षमाबाईंचा 'स्वराज्यविजय' वाचकांच्या हाती आला तो त्यांच्या मृत्यूनंतर, १९६२ मध्ये.