एक जुनी डेकोव्हिल

माझी 1968 सालची फियाट पुन्हा रस्त्यावर आणायचं मनात घेतलं आणि निवृत्तीनंतर मी मिस्त्रींच्या हाताखाली पत्राकाम शिकू लागलो. आतून लोखंडी ठोकळा धरायचा, बाहेरून हलकी हातोडी चालवायची. घाई केली की पत्रा ताणला जातो आणि पोच्याच्या जागी फुगवटा येतो. गंज कापून न काढता वरून पुट्टी थापली, तर एका पावसाळ्यात पोपडा निघतो. गॅरेजच्या बाकावर चहा पिताना मला नेहमी हेन्री रॉइस आठवतो. रोल्स-रॉइस म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे राजेमहाराजे येतात; पण तिच्या मुळाशी होती दुसऱ्या कुणी वापरून विकलेली एक जुनी गाडी.

रॉइसचा जन्म 1863 चा, इंग्लंडमधल्या ऑल्वॉल्टन या खेड्यातला. वडील गिरणीवाले, पण धंदा बुडालेला. पोरगा नऊ वर्षांचा असताना ते गेले. मग त्याने वर्तमानपत्रं विकली, तारा वाटल्या. एका आत्याने पैसे भरून त्याला पीटरबरोच्या रेल्वे कारखान्यात उमेदवारीला लावलं. तीन वर्षांत तिचे पैसे संपले आणि शिक्षण अर्धवट राहिलं. पुढे आयुष्यभर तो जे सुटं करून पाहत राहिला, त्यात मला ही राहिलेली शिकवणी दिसते.

1884 मध्ये मँचेस्टरला त्याने क्लेअरमाँट या मित्राबरोबर विजेच्या सामानाचा कारखाना काढला. रॉइसचं भांडवल वीस पौंड. मी बँकेत असतो तर या प्रस्तावावर सही केली नसती! पण विजेच्या घंटा, डायनामो, क्रेन अशी भरभराट झाली. रॉइस मात्र कामात जेवणही विसरायचा. दूध आणि पाव घेऊन कारखान्यातली पोरं त्याच्या मागे फिरत, असं सांगतात.

नव्या शतकाच्या सुरुवातीला त्याने डेकोव्हिल ही दोन सिलिंडरची फ्रेंच गाडी जुनी विकत घेतली. गाडी तशी वाईट नव्हती. दुसरा कुणी तेलपाणी करून वापरत राहिला असता. रॉइसने तिचा खिळा न खिळा मोकळा केला, प्रत्येक भाग तपासला आणि दुरुस्त करण्यापेक्षा नवीच गाडी बांधायची ठरवली. 1 एप्रिल 1904 रोजी त्याची पहिली गाडी कारखान्यातून निघून नट्सफर्डच्या घरी पोचली. पुढच्याच महिन्यात, 4 मे रोजी, चार्ल्स रोल्स हा उमराव घराण्यातला गाड्यांचा विक्रेता मँचेस्टरच्या मिडलंड हॉटेलात त्याला भेटला आणि ती जोडी जमली.

1907 साली त्यांची ‘सिल्व्हर घोस्ट’ 15,000 मैल पळवली. मग पंचांसमक्ष तिचे सगळे भाग सुटे करून मोजले. झिजलेले भाग बदलायचा खर्च दोन पौंडांच्या जरासा वर! इथे मिस्त्रींना आवडलेली गोष्ट सांगतो. कंपनी तेव्हा फक्त चासी आणि इंजिन विकायची. बॉडी गिऱ्हाइकाने बार्करसारख्या कारागिरांकडून करून घ्यायची. लाकडी सांगाड्यावर पत्रा हाताने ठोकून बसवलेला असे. म्हणजे ज्या झळाळीला आपण भुलतो, ती रॉइसची नव्हतीच.

1910 मध्ये रोल्स विमान अपघातात गेला. त्यानंतर लवकरच रॉइसच्या शरीरानेही हिशेब मागितला. मोठी शस्त्रक्रिया झाली, पत्नी मिनीबरोबरचा संसार मोडला, आणि डार्बीचा कारखाना त्याला जवळजवळ कायमचा दुरावला. यंत्रातला बारीकसा खडखडाट ज्याला सोसवत नसे, त्याने स्वतःच्या पोटाकडे इतकी वर्षं पाहिलं नाही. इथे मला त्याचा राग येतो.

फ्रान्सच्या किनाऱ्यावर आणि मग वेस्ट विटरिंग गावी, एथेल ऑबिन या नर्सच्या देखरेखीखाली तो वीस वर्षं जगला. ड्रॉइंगं त्याच्याकडे यायची, दुरुस्त होऊन परत जायची. 1930 मध्ये सरदारकी मिळाली, तरी तो स्वतःला मेकॅनिकच म्हणवून घेई.

22 एप्रिल 1933 रोजी रॉइस गेला. आदल्या संध्याकाळी अंथरुणात त्याने गाडीचे धक्के कमी करणाऱ्या एका भागाचं रेखाटन काढलं होतं, असं सांगतात. ते कारखान्यात पोचेपर्यंत तो उरला नव्हता.