चुळबुळ्या फिलिप आणि त्याचे डॉक्टर

जर्मनीत शाळेत जाणारी मुलं असली की ‘त्सापेलफिलिप’ हा शब्द कधी ना कधी कानावर पडतोच. म्हणजे चुळबुळ्या फिलिप. एडीएचडी असलेल्या मुलाला इथे बोलताना सर्रास हेच म्हणतात. हा फिलिप आमच्या फ्रँकफर्टच्या डॉ. हाइनरिश हॉफमन यांनी कागदावर उतरवला.

हॉफमन यांचा जन्म 1809 चा. आई लहानपणीच गेली, वडील आर्किटेक्ट आणि कडक. शाळेत शिस्तीच्या नावानं बोंब होती. वडिलांनी दट्ट्या लावला तेव्हा कुठे अभ्यास मार्गी लागला. पुढे हायडेलबर्ग आणि हाले इथे शिकून डॉक्टर झाले. 1844 च्या नाताळात तीन वर्षांच्या कार्लसाठी चित्रांचं पुस्तक घ्यायला गेले. एकही पसंत पडेना, म्हणून कोरी वही आणली आणि स्वतःच चित्रं काढून कविता लिहिल्या. 1845 मध्ये त्याचं पुस्तक झालं आणि ते ‘श्ट्रुवेलपेटर’ या नावानं जगभर गेलं.

फिलिप त्यात दुसऱ्या आवृत्तीत आला. जेवताना खुर्ची झुलवतो, तोल जातो, टेबलक्लॉथ धरतो आणि सगळं जेवण जमिनीवर! वडील चिडतात, आई नुसती बघत राहते. नंतर आला हान्स, आकाशाकडे बघत चालणारा आणि थेट नदीत पडणारा.

मला हान्स जास्त महत्त्वाचा वाटतो. फिलिप निदान दिसतो तरी. हान्ससारखी मुलं, त्यात बऱ्याच मुली, वर्गात गप्प बसतात, लक्ष भलतीकडे. वर्षानुवर्षं कुणाच्या ध्यानातच येत नाही. तोही एडीएचडीच असू शकतो. हॉफमन यांनी अर्थात निदान वगैरे केलं नव्हतं. त्यांच्या लेखी ही न ऐकणारी पोरं. मेंदूच्या वाढीतला हा फरक बराचसा आनुवंशिक असतो, लाडानं होत नाही, हे फार नंतर कळलं. व्हिडिओ कॉलवर जरा धाक लावा म्हणणाऱ्या आजी-आजोबांपर्यंत ते अजून पोचायचंय.

गंमत बघा, हेच हॉफमन 1851 पासून मनोरुग्णालयाचे प्रमुख होते. वेड हा दोष नाही, आजार आहे, असं मानून त्यांनी रुग्णांसाठी शहराबाहेर नवं रुग्णालय उभं करायला लावलं. ते 1864 मध्ये सुरू झालं. 1888 पर्यंत त्यांनी काम केलं, 1894 मध्ये ते गेले. रुग्णालयाची इमारत आता नाही. तिथे विद्यापीठाचा वेस्टएंड कॅम्पस आहे.