पटकी प्यायलेला माणूस

१८९२ साली फ्रान्समध्ये पटकीची साथ पसरली होती. पटकीचा, स्वल्पविरामासारखा वाकडा जंतू रॉबर्ट कॉखने काही वर्षांपूर्वीच दाखवून दिला होता. पण रोगाचे कारण तोच, हे अनेकांना अजून पटत नव्हते. पॅरिसच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमधल्या एका दाढीवाल्या रशियन प्राध्यापकाने निकाल लावण्याचा सरळ मार्ग पत्करला. ते जंतू तो स्वतःच प्यायला. आणि त्याला काहीही झाले नाही!

त्याचे नाव एली मेचनिकॉफ. जन्म १८४५ चा, आज युक्रेनमध्ये असलेल्या खारकोव्ह परिसरातला. स्वभाव तापट, तितकाच हळवा. पहिली पत्नी क्षयाने इतकी थकलेली, की लग्नासाठी तिला खुर्चीत बसवून चर्चमध्ये न्यावे लागले. १८७३ मध्ये ती गेली, तेव्हा त्याने जीव देण्याचाही प्रयत्न केला. स्वतःच्या देहावर प्रयोग करण्याची खोडही जुनीच. १८८१ मध्ये त्याने उलटून येणाऱ्या तापाच्या रोग्याचे रक्त टोचून घेतले होते.

१८८२ मध्ये इटलीतल्या मेसिना गावी त्याने तारामाशाच्या पारदर्शक अळीत गुलाबाचा काटा खुपसला. दुसऱ्या दिवशी काट्याभोवती भटक्या पेशींचा गराडा पडलेला दिसला. शरीरात शिरलेल्या परक्याला गिळणाऱ्या पेशींचा हा शोध. त्यासाठी १९०८ चे नोबेल त्याला पॉल एर्लिकबरोबर विभागून मिळाले. पाठ्यपुस्तकांत मेचनिकॉफ भेटतो तो एवढाच.

पण पटकीची गोष्ट पुढे आहे. त्याच्या पाठोपाठ आणखी एकजण जंतू प्यायला, तोही ठणठणीत. मग आणखी एक तरुण पुढे आला आणि तो मात्र मरणाच्या दारातून परतला. विज्ञानासाठी का होईना, दुसऱ्याचा जीव असा पणाला लावणे आज कोणी खपवून घेणार नाही, आणि ते योग्यच आहे. मेचनिकॉफच्या मनात मात्र प्रश्न रुतून बसला. जंतू तोच, मग एकाला सोडतो आणि दुसऱ्याला धरतो, असे का?

त्याने काचेच्या बशीत पटकीचे जंतू इतर जंतूंच्या शेजारी वाढवून पाहिले. काही शेजारी त्यांना वाढू देत, तर काही त्यांची वाढ रोखून धरत. ससे एरवी पटकीला दाद देत नाहीत. पण आईच्या अंगावर पिणारी, आतड्यात अजून फारशी वस्ती नसलेली पिल्ले मात्र दगावली. म्हणजे रोगजंतू आणि माणूस यांच्या झगड्यात एक तिसरा पक्षही असतो: आतड्यात आधीपासून बिऱ्हाड करून असलेले जंतू. नव्या पाहुण्याला थारा द्यायचा की नाही, हे बरेचसे तेच ठरवतात.

त्याच वर्षी, त्याच संस्थेत, त्याचाच ओडेसातला विद्यार्थी पटकीची लस तयार करत होता. तो हाफकिन, आपल्या परळच्या संस्थेला ज्याचे नाव आहे तोच.

पुढे मेचनिकॉफ या विचाराच्या फारच आहारी गेला. मोठ्या आतड्यातले कुजवणारे जंतू म्हातारपण आणतात, असे त्याने ठरवून टाकले. त्यावर उपाय काय, तर बल्गेरियातल्या शेतकऱ्यांचे दही! पॅरिसमध्ये विरजणाची फॅशनच आली. लंडनमध्ये तर काही शल्यविशारद मोठे आतडेच काढून टाकू लागले. दह्यातला तो जंतू माणसाच्या आतड्यात टिकतच नाही, हे १९२० च्या दशकात कळले. रोज नेमाने आंबवलेले दूध घेणारा मेचनिकॉफ त्याआधीच, १९१६ मध्ये, ७१ व्या वर्षी हृदयविकाराने गेला. त्याच्या अस्थी पाश्चर इन्स्टिट्यूटच्या ग्रंथालयात ठेवल्या आहेत.

बशीतला तो शेजाऱ्यांचा प्रयोग मात्र दह्याच्या गवगव्यात मागे पडला. २०१४ मध्ये अमेरिकन आणि बांगलादेशी शास्त्रज्ञांनी ढाक्यातल्या पटकीच्या रोग्यांची तपासणी केली. रोगी बरे होत असताना त्यांच्या आतड्यात रुमिनोकॉकस ओबियम नावाचा एक जंतू वाढताना आढळला. तो उंदरांच्या पोटात सोडला, तेव्हा पटकीच्या जंतूंना तिथे नीट ठाण मांडता येईना.